घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीचे फिनिशिंग: ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवणाऱ्याने फिनिश निवडताना दुकानातील डब्यांकडे वळण्याआधी आपल्या घरातील हवेकडे पाहावे. परदेशी कारागिरांच्या चित्रफितींत दिसणारी पद्धत, म्हणजे मोकळ्या गॅरेजमध्ये उभे राहून नायट्रोसेल्युलोज लॅकरचे (थिनर उडून पटकन वाळणाऱ्या चकचकीत लेपाचे) एकामागून एक फवारे मारणे, कोरड्या हवेला आणि शेजार लांब असलेल्या घरांना साजेशी आहे. आपल्याकडे दोन खोल्यांचा फ्लॅट, ग्रिल लावलेली बाल्कनी, वरच्या मजल्यावरून खाली लोंबणारे कपडे आणि वर्षातील चार महिने ओलाव्याने जड झालेली हवा असते. म्हणून पहिलीच गिटार करणाऱ्यासाठी येथे शिफारस आहे ती कापडाच्या बोळ्याने हाताने चढवायच्या फिनिशची: खाली लाखेचा पातळ थर आणि त्यावर एका डब्यात मिळणाऱ्या पॉलियुरेथेन वार्निशचे, म्हणजेच पीयूचे, पुसून लावलेले हात. फवाऱ्याच्या लॅकरचा विचार पुढे केला आहे. मात्र ते काम राहत्या घरात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्या फिनिशने आवाज चांगला येतो, या प्रश्नावर नवखे लोक फार वेळ घालवतात. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारांचे कंपन चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने टिपतो, त्यामुळे पाव मिलिमीटरही जाडी नसलेल्या थराचा आवाजावर होणारा परिणाम पिकअप, तारा आणि वाजवणाऱ्याचा हात यांच्या तुलनेत अगदी नगण्य असतो. फिनिशचे खरे काम घाम, ओलावा आणि ओरखडे यांपासून लाकूड राखण्याचे व ते हाताला आणि डोळ्याला बरे वाटेल असे करण्याचे आहे. निवड त्याच निकषावर करावी.

आधी संपूर्ण गिटार एकदा जोडून पाहावी

फिनिशला हात घालण्यापूर्वी लाकडावरचे कापण्याचे आणि भोके पाडण्याचे प्रत्येक काम संपलेले असले पाहिजे. नेक (गिटारची मान) बॉडीतील खोबणीत बसवून स्क्रूने आवळावी, ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) जागेवर ठेवावा, कडेच्या दोन तारा चढवाव्यात आणि त्या फिंगरबोर्डच्या (नेकवरील बोटे दाबायच्या पट्टीच्या) दोन्ही कडांपासून सारख्या अंतराने जातात की नाही हे पाहावे. ब्रिज अर्धा सेंटिमीटर सरकवावा लागेल हे आज कळले तर जुने भोक काडी आणि गोंद घालून बुजवता येते. तेच फिनिश झाल्यावर कळले तर सगळे काम वाया जाते. पट्ट्याच्या बटणांची, पिकगार्डची (बॉडीला ओरखड्यांपासून जपणाऱ्या पातळ पत्र्याची), मागच्या झाकणांची आणि जॅकची भोकेही याच वेळी पाडून घ्यावीत. ब्रिजखालून विजेच्या पोकळीत जाणारे अर्थिंगच्या तारेचे बारीक भोक नवखे हमखास विसरतात, आणि ते तिरके, लांब ड्रिल वापरून पाडायचे असल्याने तयार फिनिशवर ड्रिलचा चक घासण्याचा धोका असतो.

जोडून पाहिल्यावर सर्व भाग सुटे करून स्क्रू वेगवेगळ्या पाकिटांत नावे लिहून ठेवावेत. नेकच्या खोबणीचा तळ आणि भिंती मास्किंग टेपने झाकाव्यात. खोबणीत फिनिशचा थर साचला तर नेक घट्ट जाते किंवा किंचित वर उचलली जाते, आणि नेक गोंदाने चिकटवायची असेल तर फिनिशवर गोंद धरतच नाही. पिकअप आणि पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांच्या) पोकळ्यांना आतून पॉलिशची गरज नसते. तेथे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले तरी पुरते.

आणखी एक सोय आताच करून ठेवावी. हातभर लांबीची लाकडी पट्टी नेकच्या जागी, नेकच्याच स्क्रूंच्या भोकांतून बॉडीला आवळून टाकावी. हा दांडा धरून बॉडी फिरवता येते, ओल्या बाजूला बोट लागत नाही, आणि दांड्याच्या टोकाला भोक पाडून हुक घातला की बॉडी वाळण्यासाठी टांगताही येते.

हवा, महिना आणि जागा

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवर हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. लाकूड हवेशी जुळवून घेत राहते: सुमारे ६५ टक्के आर्द्रतेत त्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या जवळ स्थिरावतो, तर ८० टक्क्यांत तो १६ टक्क्यांपर्यंत चढतो. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर फिनिश चढवले की हिवाळ्यात ते आकसते आणि जोडाच्या रेषा, बुजवलेली भोके व भरलेली छिद्रे पृष्ठभागावर उमटू लागतात. त्यामुळे कापाकापी पावसाळ्यात उरकावी, बॉडी घरातच हवेशीर जागी उभी ठेवावी आणि फिनिशिंगला दिवाळीनंतर हात घालावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सर्वांत चांगला काळ होय. एप्रिल-मेमध्येही काम होते, परंतु कपाळावरचा घाम ओल्या पृष्ठभागावर पडणार नाही याकडे लक्ष द्यावे लागते.

एक साधा डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, आणि या संपूर्ण कामात त्याच्याइतकी उपयोगी खरेदी दुसरी नाही. आकडा ७० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच हात मारावा. हिवाळ्यातही पहाटे आणि रात्री आर्द्रता वाढते व दुपारी सर्वांत कमी होते. त्यामुळे सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात हात मारून संध्याकाळचा गारवा येण्याआधी थर हाताला कोरडा लागेल, अशी आखणी करावी.

जागेच्या बाबतीत धूळ हा मोठा शत्रू आहे. घोडबंदर रस्त्यासारख्या ठिकाणी, जिथे बांधकामे आणि वाहतूक थांबत नाही, तिथे उघडी बाल्कनी घासण्यासाठी चालेल पण शेवटचे हात देण्यासाठी चालणार नाही. अशा वेळी घासकाम बाल्कनीत करावे, आणि फिनिश अशा खोलीत लावावे जिची फरशी तासाभरापूर्वी ओल्या फडक्याने पुसलेली आहे, खिडकी उघडी आहे व पंखा बंद आहे. खोलीत समई, निरांजन किंवा उदबत्ती पेटलेली नसावी आणि स्वयंपाकघरातील शेगडी बंद असावी. स्पिरिट आणि थिनर यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती फरशीलगत पसरत दुसऱ्या खोलीतील ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. एसी लावलेली बंद खोली कोरडी असते हे खरे, पण तिथे वाफ कोंडते. म्हणून बॉडीचा वास पुरता गेल्यावर पुढचे मुरण्याचे दिवस तिने तिथे काढायला हरकत नाही.

लाकूड ओळखून तयारी

आपल्याकडे हौशी कारागीर सागवान, महोगनी, आंबा, रबरवूड किंवा पाइनच्या जुन्या फळ्या वापरतात आणि प्रत्येकाची खोड वेगळी असते. सागवानात नैसर्गिक तेल असते, ते फिनिशला नीट वाळू देत नाही; म्हणून पहिला हात मारण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग थिनर किंवा अ‍ॅसिटोनने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावा आणि फडक्यावर पिवळसर डाग येणे कमी होईपर्यंत फडके बदलत राहावे. पाइनच्या गाठींमधून राळ बाहेर येत राहते, ती लाखेच्या थराने अडते. सागवान आणि महोगनी यांची छिद्रे मोठी व उघडी असतात, त्यामुळे आरशासारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर ती भरावी लागतात. रबरवूड तुलनेने सोशिक असले तरी त्याच्या फळ्या बहुधा लहान तुकडे जोडून केलेल्या असतात आणि रंगद्रव्य दिल्यावर प्रत्येक तुकडा वेगळी छटा धरतो; अशा बॉडीला अपारदर्शक रंग द्यावा किंवा ती जशी आहे तशी ठेवावी.

घासकाम

फिनिशिंगच्या एकूण मेहनतीपैकी निम्म्याहून अधिक मेहनत घासण्यात जाते आणि ती चुकवता येत नाही. पारदर्शक फिनिश पृष्ठभागावरील दोष झाकत नाही, उलट ते ठळक करते.

सुरुवात करवतीच्या आणि राउटरच्या (लाकूड कोरण्याच्या यंत्राच्या) खुणा किती खोल आहेत त्यावरून करावी. खुणा खोल असतील तर ८० नंबरचा पॉलिश पेपर, नाहीतर १२० पासून प्रारंभ करून १८० आणि मग २२० असे चढत जावे. मधला नंबर गाळण्याचा मोह होतो. परंतु ८० नंबरचे ओरखडे २२० ने निघत नाहीत, ते फक्त गुळगुळीत होतात आणि पहिला ओला हात पडताच पुन्हा दिसू लागतात. सपाट पृष्ठभागावर पेपर नेहमी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वापरावा. नुसत्या बोटांनी घासले तर मऊ भाग जास्त झिजतात आणि चमक आल्यावर पृष्ठभाग लाटांसारखा दिसतो. कडांच्या गोलाईसाठी ठोकळ्याऐवजी जुन्या रबरी चपलेचा तुकडा उत्तम चालतो.

प्रत्येक नंबर सुरू करण्यापूर्वी सगळ्या पृष्ठभागावर पेन्सिलने हलक्या रेघोट्या माराव्यात आणि त्या पूर्ण पुसल्या जाईपर्यंत घासावे, म्हणजे कोणताही कोपरा सुटत नाही. घासण्याची दिशा लाकडाच्या रेषेबरोबर ठेवावी. खोली अंधारी करून मोबाइलची बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरली की आडवे ओरखडे सावलीसह दिसतात; दिवसाच्या उजेडात जे दिसत नाही ते या प्रकाशात लपत नाही.

शिंगांची, म्हणजे नेकच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या बॉडीच्या भागांची टोके, त्यांच्या आतली वळणे आणि बॉडीचे बूड येथे लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात. हे भाग रंग आणि पॉलिश जास्त शोषतात व काळपट दिसतात. त्यांना इतर बॉडीपेक्षा एक पायरी पुढे, म्हणजे ३२० नंबरपर्यंत घासावे. त्याने शोषण कमी होऊन छटा सारखी येते. बाकी बॉडी २२० वर थांबवावी, कारण त्यापुढे फार गुळगुळीत केलेले लाकूड रंगद्रव्य नीट धरत नाही.

हातातून हत्यार निसटून पडलेला पोचा घासून काढायचा प्रयत्न करू नये. त्या जागी ओले सुती फडके ठेवून त्यावर गरम इस्त्रीचे टोक काही क्षण टेकवावे. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि पोचा बराचसा वर येतो. तंतू तुटलेले असतील तर मात्र हा उपाय लागू पडत नाही. याच सुमारास जोडांजवळ फेव्हिकॉलचे डाग राहिले आहेत का, तेही पाहावे. वाळलेला गोंद लाकडावर जवळजवळ दिसत नाही, पण तेथे रंग शिरत नाही आणि फिकट ठिपका कायमचा राहतो. ओल्या फडक्याने संपूर्ण बॉडी पुसली की असे डाग वेगळे उठून दिसतात, आणि त्याच पुसण्याने लाकडाचे बारीक केसही उभे राहतात. बॉडी पूर्ण वाळू द्यावी आणि ते केस २२० च्या वापरलेल्या पेपरने हलकेच कापून टाकावेत.

सागवानाची धूळ अनेकांच्या त्वचेला आणि श्वासनलिकेला त्रास देते, त्यामुळे एन-९५ मास्क घालूनच घासावे. सोसायटीत दुपारी दोन ते चार सँडर (घासण्याचे यंत्र) चालवला की तक्रार येणारच. त्या वेळेत हाताने घासण्याची कामे ठेवावीत.

छिद्रे भरणे आणि रंगवणे

सर्वसाधारण पुसून लावायच्या फिनिशमध्ये छिद्रे उघडी ठेवली तरी चालते आणि सागवानावर ते मला अधिक शोभून दिसते. सपाटपणा हवाच असेल तर पॉलिशवाले कारागीर वापरतात ती रीत घरीही जमते: खडूची बारीक भुकटी, लाकडाच्या छटेप्रमाणे पिवळी माती किंवा गेरू आणि बांधणीसाठी पातळ पॉलिश असे मिश्रण करून ते गोणपाटाच्या किंवा जाड सुती कापडाच्या तुकड्याने लाकडाच्या रेषेला आडवे चोळावे, म्हणजे ते छिद्रांत दाबले जाते. अर्धवट वाळल्यावर वरचा थर आडव्या दिशेनेच पुसून काढावा व दुसऱ्या दिवशी २२० ने घासावे. मिश्रणाची छटा लाकडापेक्षा किंचित गडद ठेवावी. फिकट भरण लाकडात पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसते. बाजारातील तयार लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) फक्त अपारदर्शक रंगाखाली वापरावी.

रंगद्रव्य द्यायचे असेल तर ते पाण्यात विरघळणारे निवडावे. स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग दिला आणि त्यावर लाख चढवली तर लाखेतील स्पिरिट खालचा रंग उचलते आणि फराटे उठतात. कोणताही रंग आधी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर, त्याच पेपरने घासून आणि वर फिनिशचा हात देऊन पाहिल्याशिवाय बॉडीला लावू नये. कडा गडद आणि मध्य उजळ अशी सनबर्स्टची छटा हाताने आणता येते, पण पहिल्या गिटारवर ती आणण्याचा आग्रह धरू नये.

लाखेचा थर

लाख जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागाला धरते आणि तिच्यावर जवळजवळ कोणतेही फिनिश धरते, शिवाय ती गाठींतील राळ व सागवानातील तेल अडवते. म्हणून लाकूड आणि पीयू यांच्या मध्ये तिची योजना करावी. मात्र एक अट आहे: लाखेत नैसर्गिक मेण असते आणि मेणावर पीयू चिकटत नाही. दुकानात मेण काढलेली लाख मिळाली तर प्रश्नच नाही. साधा लाखदाणा मिळाला तर तो विरघळल्यावर बाटली दोन-तीन दिवस न हलवता ठेवावी. मेण गाळासारखे खाली बसते आणि वरचे स्वच्छ द्रावण अलगद ओतून घेता येते.

पहिल्या थरासाठी २०० मिली स्पिरिटमध्ये सुमारे २५ ग्रॅम लाख हे प्रमाण योग्य आहे. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडी डब्यात लाख काळवंडते. द्रावण रात्रभर ठेवून मधूनमधून हलवावे. विरघळवलेली लाख काही महिन्यांत बिघडते व नंतर कितीही वेळ दिला तरी चिकट राहते. म्हणून आपल्या गिटारपुरतीच ताजी तयार करावी. झारखंड आणि छत्तीसगडमध्ये लाखेचे मोठे उत्पादन होत असल्याने आपल्याकडे ती सहज व स्वस्तात मिळते, जुनी बाटली जपून ठेवण्याचे काही कारण नाही. शंका असेल तेव्हा काचेवर एक थेंब पसरून पाहावा. तो काही मिनिटांत कडक झाला नाही तर द्रावण टाकून द्यावे.

अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या सुती पंच्याचा तुकडा घेऊन त्याच्या आत कापूस ठेवावा आणि बोळा बांधावा. बोळा द्रावणात बुडवून पिळावा, इतका की दाबल्यावर ओल सुटेल पण थेंब पडणार नाही. लाकडाच्या रेषेने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता सरळ पट्टे ओढावेत. बोळा मध्येच थांबला तर तो चिकटतो आणि डाग पडतो, आणि वाळू लागलेल्या पट्ट्यावर पुन्हा फिरवला तर खालचा थर ओरबाडला जातो. सुटलेली जागा दिसली तरी पुढच्या हातापर्यंत तिला तसेच सोडावे. तासाभराच्या अंतराने दोन किंवा तीन हात पुरतात. दुसऱ्या दिवशी ३२० नंबरने अगदी हलके घासून पृष्ठभाग पुसून घ्यावा. हवेत ओलावा जास्त असेल तर लाखेवर पांढुरकी झाक येते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर जमते, हे त्याचे कारण होय. बॉडी कोरड्या खोलीत नेऊन ठेवल्यावर आणि कोरड्या हवेत स्पिरिटचा एक पातळ हात फिरवल्यावर ती बहुधा जाते.

पीयूचे हात

येथे एका डब्यातले, तेलाच्या आधाराचे पीयू अभिप्रेत आहे. दोन डबे मिसळून करायच्या पीयूच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या द्रव्यात) आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वसनाला घातक असून साधा मास्क त्याला अडवत नाही. ते काम योग्य सोय असलेल्या कार्यशाळेचेच आहे.

पीयू डब्यात ढवळताना जोरजोराने हलवू नये, बुडबुडे येतात व ते थरात अडकतात. लागेल तेवढेच वेगळ्या वाटीत काढावे आणि त्यात तेवढेच टर्पेंटाइन मिसळावे. डब्यावर विशिष्ट थिनर सांगितले असेल तर तेच वापरावे. कापूस नसलेला, नुसत्या सुती कापडाची घडी केलेला बोळा घेऊन आधी बॉडीच्या कडा, मग मागची बाजू आणि शेवटी समोरची बाजू अशा क्रमाने पुसत जावे. हा थर इतका पातळ असतो की तो लावल्यासारखा वाटतही नाही, आणि हाच त्याचा गुण आहे. जाड थराला ओघळ येतात, त्यात धूळ बसते आणि तो वरून वाळून आतून ओला राहतो. शिंगांच्या आतल्या वळणांत पीयू साचते. दहा मिनिटांनी त्या जागा कोरड्या बोळ्याने पुन्हा पाहाव्यात.

दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर गार किंवा चिकट लागत असेल तर आणखी एक दिवस थांबावे. प्रत्येक दोन हातांनंतर ४०० नंबरच्या पेपरने हलके घासावे, म्हणजे बसलेली धूळ निघते आणि पुढचा थर घट्ट धरतो. कडांवर मात्र पेपर जवळजवळ फिरवूच नये, कारण तिथला थर सर्वांत पातळ असतो आणि एका फटक्यात लाकूड उघडे पडते. मंद, रेशमी पोत हवा असेल तर चार-पाच हात पुरतात. तकतकीत पृष्ठभागासाठी आठ ते दहा लागतात. शेवटचा हात दिल्यावर खोलीतील दिवा बंद करावा, कारण संध्याकाळी उजेडाकडे येणारे चिलट ओल्या पीयूवर उतरते आणि पाय रुतवून तिथेच राहते.

वापरलेल्या चिंध्यांबाबत हलगर्जी करू नये. तेलाच्या आधाराचे पीयू किंवा जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या चिंध्यांत ही उष्णता कोंडते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या ग्रिलवर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात, आणि नंतरच टाकाव्यात.

लॅकर हवेच असेल तर

काहींना जुन्या अमेरिकन गिटारांसारखे नायट्रोसेल्युलोज लॅकर किंवा गाडीसारखा चकचकीत रंग हवा असतो. या इच्छेला परंपरेचा आधार आहे: फेंडर कंपनीचे जुने खास रंग ड्यूपाँ कंपनीच्या मोटारींच्या रंगांतून घेतलेले होते आणि त्यांतील ‘फिएस्टा रेड’ हा १९५६ च्या फोर्ड थंडरबर्ड मोटारीवरचा रंग होता. त्यामुळे मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये बॉडी घेऊन जाण्यात काहीही वावगे नाही. ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईतील रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यात फर्निचर पॉलिश आणि रंगकामाची कामे घेणाऱ्या कार्यशाळा आहेत. तेथे कॉम्प्रेसर, स्प्रे गन आणि हवा खेचणारे पंखे असतात.

मात्र या कारागिरांना दरवाजे आणि मोटारी रंगवण्याची सवय असते, म्हणून काही गोष्टी तोंडी न सांगता बॉडीवर टेप लावून त्यावर लिहून द्याव्यात. नेकच्या खोबणीत रंग जाऊ नये, भोके लांबीने बुजवू नयेत, कडा यंत्राने घासू नयेत आणि थर पातळ ठेवावेत. फर्निचरवाले बहुधा मेलामाइन सुचवतात. ते कडक आणि टिकाऊ असते, परंतु वाळताना त्यातून फॉर्मल्डिहाइड निघते, म्हणून ताजी बॉडी लगेच झोपण्याच्या खोलीत आणू नये. नायट्रो लॅकर घेतले तर दमट दिवशी त्यावर तीच पांढुरकी झाक येते जी लाखेवर येते. कारागीर त्यासाठी उशिरा उडणारे थिनर मिसळतात. लॅकर काही मिनिटांत हाताला कोरडे लागते, पण त्यातील थिनर पुढे कितीतरी आठवडे हळूहळू उडत असते आणि तोपर्यंत थर आकसत राहतो. नाक जवळ नेल्यावर वास येत असेल तर तो अजून मुरलेला नाही असे समजावे.

सपाट करणे आणि चमक

मंद पोत ठेवणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा. तकतकीत पृष्ठभाग हवा असणाऱ्यांनी पीयूच्या शेवटच्या हातानंतर किमान दोन ते तीन आठवडे आणि नायट्रोनंतर किमान एक महिना थांबावे. त्याआधी घासून आणलेली चमक थर आकसला की निघून जाते.

मग ८०० किंवा १००० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून १५०० आणि २००० पर्यंत जावे. पेपर पाण्यात भिजवून, पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून, ठोकळ्यावर गुंडाळून वापरावा. घासताना पृष्ठभाग सारखा मंद दिसू लागला आणि चमकणारे खळगे उरले नाहीत की थांबावे. येथे सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे: स्क्रूच्या भोकात पाणी शिरले तर लाकूड फुगते आणि भोकाभोवतीच्या फिनिशला गोल तडे जातात. सर्व भोकांत आधी मेण दाबून भरावे किंवा पाण्याऐवजी टर्पेंटाइन वापरावे. शेवटी मोटारीसाठी मिळणारे रबिंग कंपाउंड मऊ कापडाने गोल फिरवत लावावे. सिलिकॉन असलेले पॉलिश टाळावे. पुढे कधी डागडुजी करून नवा हात मारावा लागला तर सिलिकॉनमुळे त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

पुन्हा जोडणी

फिनिशमुळे प्रत्येक भोकाचे तोंड थोडे अरुंद झालेले असते. स्क्रू तसाच पिळला तर तो फिनिशचा कपचा उडवतो. म्हणून काउंटरसिंकचा बिट हातात धरून प्रत्येक भोकाच्या तोंडावर दोन वळसे द्यावेत आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती चोळावी. खोबणीतील टेप काढताना ती बाहेर ओढू नये. काठावर धारदार ब्लेडने फिनिश कापून घ्यावे आणि मग टेप स्वतःवरच दुमडत काढावी.

बाहेरची विद्युत गुणगुण अडवण्यासाठी पोकळ्यांमध्ये तांब्याची चिकटपट्टी लावण्याची वेळ आता येते. तिचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवावेत आणि चिकटद्रव्यातून वीज जात नसेल तर सांध्यांवर सोल्डरिंग करून जोडावेत. अर्थिंगच्या तारेचे उघडे टोक ब्रिजच्या धातूला घट्ट टेकले पाहिजे. ब्रिज बसवल्यावर मल्टिमीटर जोडणी असल्यास शिट्टी वाजवणाऱ्या खुणेवर ठेवून त्याचे एक टोक ब्रिजला आणि दुसरे जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावून जोडणी तपासावी. आवाज आला नाही तर मध्ये कुठेतरी फिनिशचा थर अडकला आहे असे समजून तेवढी जागा खरवडावी; हे आत्ता केले नाही तर अ‍ॅम्प लावल्यावर गुणगुण ऐकू येते आणि मग कारण शोधण्यासाठी सगळे पुन्हा उघडावे लागते.

गिटार ठेवण्याचा स्टँड घेताना तिच्या पाठीला टेकणाऱ्या रबराकडे लक्ष द्यावे. नायट्रो लॅकरची रबर आणि व्हिनाइलशी रासायनिक क्रिया होऊन तेथे थर मऊ पडतो व काळा डाग उमटतो. पीयूला हा त्रास फारसा होत नाही, पण पहिले काही महिने दोन्हींसाठी स्टँडच्या पट्ट्यांवर सुती कापड गुंडाळावे आणि पावसाळ्यात ते ओलसर वाटल्यास बदलावे.